मालपोच : स्वतःची गाडी की भाड्याची (मराठवाडा)

विकलेला माल स्वतःच्या वाहनाने व पगारी चालकाकरवी पोचवायचा, की ट्रान्सपोर्ट, कुरिअर, एसटी पार्सल किंवा टपालाच्या हवाली करायचा, ही व्यापाऱ्याला करावी लागणारी निवड. मराठवाड्यात तिचा हिशेब बहुतेक वेळा परतीच्या फेरीवर येऊन ठेपतो.

लातूरच्या मोंढ्यातून (घाऊक बाजारातून) किराणा भरून निलंग्याला गेलेला टेम्पो रिकामा परतला, तर डिझेल, पगार आणि कर्जाचा हप्ता हा सगळा बोजा एकाच बाजूच्या मालावर पडतो. ट्रान्सपोर्टवाला परतीचे भाडे शोधतो, म्हणून लांबच्या पल्ल्याला त्याचा दर परवडतो. जालन्याच्या पोलाद कारखान्यांकडे भंगार घेऊन आलेल्या ट्रकला जाताना सळई मिळू शकते. तिथे स्वतःचे ट्रक बाळगण्याची निकड कमी.

तरीही किराणा, बेकरी, औषधे यांचे घाऊक व्यापारी आपली गाडी सहसा सोडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. घरचा चालक मागची उधारी वसूल करतो, रिकामे क्रेट आणि मुदत संपलेला माल परत आणतो, पुढची ऑर्डर घेतो आणि कोणत्या दुकानाची विक्री मंदावली हेही येऊन सांगतो. बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, गेलेल्या मालाने यातले काहीच होत नाही. ठरलेल्या वारी, ठरलेल्या गावांना फिरणारी गाडी म्हणूनच महाग वाटली तरी फायद्याची ठरते.

सर्वांत अवघड पेच बियाण्यांचा. जालना हे बियाणे उद्योगाचे मोठे केंद्र आहे. पेरणीजोगा पाऊस झाला की मोजक्या दिवसांत सगळी मागणी उसळते. दुकानात पिशवी नसेल तर शेतकरी दुसऱ्या कंपनीची उचलतो. नेमक्या त्याच दिवसांत गाड्यांची ओढाताण होते आणि भाडे चढते. पण एवढ्या दिवसांसाठी ट्रक घेतले तर ते उरलेले वर्ष उभेच राहणार. मोठा साठा पावसाआधीच ट्रान्सपोर्टने तालुक्याच्या विक्रेत्यांकडे पाठवून ऐनवेळच्या तुटीसाठी एखादी पिकअप हाताशी ठेवणे, हाच त्यातला शहाणपणाचा मार्ग.

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार भारासह एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू वाहनाला परमिट लागत नाही. २००५ मध्ये आलेला ‘छोटा हत्ती’ (टाटा एस) लहान व्यापाऱ्यांना सोयीचा पडला, त्यात या सवलतीचाही वाटा आहे. विमा आणि फिटनेस प्रमाणपत्र मात्र चुकत नाहीत. फिटनेस नव्या गाडीला पहिली ८ वर्षे दर २ वर्षांनी, पुढे दरवर्षी घ्यावे लागते.

भाड्याच्या वाहतुकीत लहान दुकानदार नुकसानभरपाईच्या वेळी फसतो. रस्ता मालवाहतूक कायदा, २००७ आणि त्याखालील नियमांनुसार, जादा जोखमीचा दर (वाहतूकदाराने जास्त जबाबदारी घ्यावी म्हणून द्यायचे वाढीव भाडे) ठरवून घेतला नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या १० पटींपुरती, आणि तीही जाहीर केलेल्या किमतीच्या आतच राहते. ५०० रुपये भाड्याच्या खोक्यात ४०,००० रुपयांचे सुटे भाग असले, तरी हाती फार तर ५,००० येतात. दावा करायचा तर माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. महागडा माल पाठवताना जोखमीचा दर विचारलाच पाहिजे.

समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाल्यापासून जालना व छत्रपती संभाजीनगरहून मुंबईकडचा प्रवास वेगवान झाला आहे. फाट्यापासून गावापर्यंतचा शेवटचा टप्पा मात्र जुनाच आहे. काही कुरिअर तालुक्याच्या ठिकाणीच थांबतात, एसटीचे पार्सल गिऱ्हाइकाला स्थानकावर जाऊन सोडवावे लागते. लहान पाकिटासाठी पोस्टमन अजूनही गावात जातो.