सौर बंब : पाणी नीट न तापणे

घराच्या गच्चीवर बसवलेले आणि उन्हाच्या उष्णतेवर अंघोळीचे पाणी तापवणारे उपकरण म्हणजे सौर बंब. बेळगाव शहर, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागात याला सर्रास ‘सोलर’ म्हणतात. संच शाबूत दिसत असून आणि दिवसभर लख्ख ऊन पडूनही सकाळी नळाला कोमट किंवा गार पाणी येणे, या दोषाची कारणे आणि ती शोधण्याची पद्धत एवढाच या नोंदीचा विषय आहे.

समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर वसलेल्या बेळगावात डिसेंबर-जानेवारीतील पहाटे बऱ्याच गार असतात. पूर्वी न्हाणीतला तांब्याचा बंब लाकूडफाटा, नारळाच्या शेंड्या आणि भुसा यांवर पेटत असे. शहापूर, वडगाव, अनगोळ येथील जुन्या घरांत तो अजूनही कुठेकुठे आढळतो. कर्नाटक सरकारने २००७ मध्ये ठरावीक आकारापेक्षा मोठ्या नव्या घरांना सौर बंब बंधनकारक केला आणि वीजबिलातही अशा ग्राहकांना थोडी सूट मिळू लागली, त्यामुळे टिळकवाडी, हिंदवाडी यांसारख्या वस्त्यांतील गच्च्यांवर हे संच वेगाने वाढले. मात्र अनेक ठिकाणी ते घर बांधून झाल्यावर, आधीच्या नळजोडणीत कसेबसे बसवले गेले. पुढे येणाऱ्या बहुतेक तक्रारींचे मूळ तेथेच आहे.

संचात पंप नसतो. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, गार पाणी जड असल्याने खाली उतरते आणि या फेऱ्यामुळे दिवसभरात टाकीतील सगळे पाणी तापते. ऊन शोषणारा भाग दोन प्रकारचा असतो : तांब्याच्या बारीक नळ्या असलेली काचेची सपाट पेटी, किंवा दुहेरी काचेच्या, मधल्या पोकळीतून हवा काढून घेतलेल्या लांब नळ्या. १०० लिटर पाणी २० अंश सेल्सियसवरून ६० अंशांवर नेण्यास सुमारे ४.६५ युनिट विजेइतकी उष्णता लागते. ही उष्णता कोठे तरी अडते किंवा गळते म्हणूनच नळाला गार पाणी येते, आणि ती कोठे जाते हे शोधणे हाच तपासणीचा गाभा होय.

पाणी टाकीतच गार आहे की टाकीतून निघाल्यावर गार होते, हे आधी ठरवावे लागते. दुपारी तीन-चारच्या सुमारास घरातील एकाने न्हाणीघरातील गरम नळ सोडावा आणि दुसऱ्याने गच्चीवर टाकीच्या गरम तोटीजवळील नळीला हात जपून लावून पाहावा. नळी चटका देण्याइतकी तापली असेल आणि खाली मात्र कोमट पाणी येत असेल, तर संच निर्दोष असून दोष नळजोडणीत आहे. ही साधी चाचणी न करताच काचेच्या नळ्या बदलण्याचा खर्च केला जातो, हे खेदाने नमूद करावे लागते, कारण प्रत्यक्षात ऊन शोषणाऱ्या भागापेक्षा जोडणीतच दोष अधिक वेळा सापडतो.

जोडणीतील सर्वांत चकवणारा दोष म्हणजे गरम नळीत गार पाणी मिसळणे. आधुनिक न्हाणीघरात गरम आणि गार पाणी एकाच मिक्सरमध्ये येते. त्याला जोडलेल्या हॅन्ड शॉवरचे बटण टोकाला बंद केले, पण मिक्सरच्या दोन्ही चाव्या उघड्याच ठेवल्या, तर दोन्ही नळ्या आतून एकमेकींना जोडलेल्या राहतात. नंतर स्वयंपाकघरात कोणी गरम नळ सोडला की पाणी सौर टाकीतून येते तसेच या चोरवाटेनेही येते, आणि नळाला दोहोंचे मिश्रण मिळते. गार पाण्याच्या नळीला प्रेशर पंप बसवलेला असेल, तर हा उलटा शिरकाव इतका जोरदार असतो की गार पाणी थेट सौर टाकीपर्यंत चढते आणि दिवसभराची कमाई तासाभरात वाया जाते. याची परीक्षा अशी : सौर टाकीला गार पाणी पुरवणारा गच्चीवरील व्हॉल्व्ह बंद करून खालचा गरम नळ सोडावा. नळीत साठलेले पाणी संपल्यावर धार थांबली पाहिजे. ती तशीच वाहत राहिली, तर ते पाणी सौर टाकीतून आलेले नाही, हे उघड आहे. मग एकेका मिक्सरच्या चाव्या बंद करीत जावे. जी चावी बंद करताच धार तुटते, तेथेच चोरवाट आहे. उपाय म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, बसवतात. परंतु केवळ टाकीच्या उंचीवर चालणाऱ्या कमी दाबाच्या जोडणीत स्प्रिंगचा व्हॉल्व्ह धारच मंद करतो, म्हणून झडपेचा व्हॉल्व्ह घेणे इष्ट ठरते.

गरम नळाला पाणी अडखळत, खळखळ आवाज करीत येणे किंवा मुळीच न येणे हे नळीत हवा धरल्याचे लक्षण होय. जेथे नळाचे पाणी दिवसाआड किंवा त्याहून उशिरा येते, तेथे वरची टाकी रिकामी होते, नळ्यांत हवा शिरते आणि टाकी पुन्हा भरली तरी वर-खाली वळणे घेतलेल्या नळीत ती अडकून राहते. सर्वांत खालचा गरम नळ पूर्ण उघडा ठेवून हवा निघू देणे हा तात्पुरता उपाय आहे. कायमचा उपाय म्हणजे नळीतील उंचवटे काढून टाकणे आणि हवेची उभी नळी मोकळी ठेवणे. या उभ्या नळीचे टोक गार पाण्याच्या टाकीतील पातळीपेक्षा उंच हवे. ते तसे उंच नसल्यास पाणी सांडते, म्हणून काही जण तोंडाला बूच मारतात. हा प्रकार धोक्याचा आहे, कारण मग टाकीतील दाब निघून जाण्यास वाटच उरत नाही.

टाकीतच पाणी तापत नसेल, तर प्रथम पाण्याच्या जातीकडे पाहावे. जिल्ह्याचा पश्चिम भाग सह्याद्रीला लागून असून तेथील पावसाळी झऱ्यांचे पाणी तुलनेने मृदू असते. बेळगाव शहराला मार्कंडेय नदीवरील राकसकोप जलाशयातून आणि घटप्रभेवरील हिडकल धरणातून पाणी मिळते. पूर्वेकडील कोरड्या तालुक्यांत अनेक घरे बोअरवर अवलंबून असतात आणि असे पाणी पुष्कळदा जड, म्हणजे क्षारयुक्त, असते. जड पाणी तापले की त्यातील चुन्याचे क्षार बाहेर पडून नळ्यांच्या आतल्या बाजूस पांढरी खडी धरतात. सपाट पेटीतील तांब्याच्या नळ्या अरुंद असल्याने त्या आधी तुंबतात : पेटी अतिशय तापते, पण पाण्याचा फेरा थांबल्यामुळे टाकी कोमटच राहते. काचेच्या नळ्यांचे तोंड रुंद असल्याने त्या अधिक तग धरतात, तरी त्यांच्या बुडाशी गाळ साचतो. खडी काढण्यासाठी सायट्रिक आम्लासारखे सौम्य द्रावण जाणकाराकडून फिरवून घ्यावे. फरशी धुण्याचे तीव्र ॲसिड टाकीत ओतू नये, ते पत्रा आणि जोड खाऊन टाकते.

काचेच्या नळीचा दोष डोळ्यांनी ओळखता येतो. नळीच्या खालच्या गोल टोकाला आतून आरशासारखा चंदेरी थर असतो. मधल्या पोकळीत हवा शिरली की तो थर दुधासारखा पांढरा होतो आणि त्या नळीची उष्णता बाहेर निसटू लागते. पांढरी झालेली तेवढीच नळी बदलावी, सगळा संच नव्हे. उन्हात रिकाम्या राहिलेल्या नळीत भर दुपारी गार पाणी सोडल्यास काच तडकते, म्हणून टाकी भरण्याचे काम पहाटे किंवा सूर्यास्तानंतर करावे.

उन्हाच्या बाबतीत सावली हा दुर्लक्षित भाग आहे. बेळगाव सुमारे १५.८५ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने २१ डिसेंबरच्या माध्यान्ही सूर्य क्षितिजापासून सुमारे ५१ अंशांवरच असतो, आणि ३ मीटर उंच भिंतीची सावली उत्तरेस जवळजवळ अडीच मीटर लांब पडते. मे महिन्यात उघड्यावर भासलेली जागा त्यामुळे थंडीत शेजाऱ्याच्या नव्या मजल्याच्या किंवा पाण्याच्या टाकीच्या सावलीत जाते. चिकोडी, रायबाग, अथणी या ऊसपट्ट्यात गळीत हंगामात चिपाडाची राख आणि पाचट जाळल्याची काजळी काचेवर बसते. ती कोरड्या फडक्याने पुसल्यास ओरखडे उठतात, म्हणून सकाळी भरपूर पाण्याने धुवावी. जून ते सप्टेंबर या काळात, विशेषतः जांबोटी-कणकुंबी परिसरात, आभाळ दिवसचे दिवस झाकलेले असते. त्या दिवसांत पाणी न तापणे हा बिघाड मानता येत नाही.

वापराची सवयही हिशेबात धरावी लागते. २०० लिटरच्या टाकीतील निम्मे पाणी रात्री काढले, तर तितकेच गार पाणी आत येते. ६० अंशांचे १०० आणि २० अंशांचे १०० लिटर पूर्ण मिसळल्यास ४० अंशांचे पाणी उरते, म्हणजे पहाटे कोमट पाणी मिळणे ठरलेलेच. नळीची लांबीही पाहावी : आतून २० मिलिमीटर व्यासाच्या नळीत दर मीटरला सुमारे ०.३१ लिटर पाणी राहते, त्यामुळे ३० मीटर अंतरावरील न्हाणीघरात सुरुवातीचे ९ लिटरांहून अधिक पाणी गारच येणार. हे पाणी बादलीत धरून इतर कामांना वापरावे आणि उघड्या नळीला फोमचे वेष्टन घालावे. सपाट पेटीच्या संचात टाकीचे बूड पेटीच्या वरच्या कडेपेक्षा साधारण ३० सेंटिमीटर उंच नसेल, तर रात्री फेरा उलटा फिरून तापलेले पाणी पेटीत निवते.

पावसाळ्यासाठी बहुतेक टाक्यांत विजेची कॉइल असते. ती दिवसा चालू ठेवल्यास टाकी आधीच तापते आणि उन्हाला काम उरत नाही, म्हणून ढगाळ दिवशी सूर्यास्तानंतर पाण्याचा अंदाज घेऊनच ती लावावी. कॉइल लावूनही पाणी गारच राहिले, तर थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला वीज तोडणारा स्विच) किंवा कॉइलवर चढलेली खडी तपासावी. मात्र टाकी भरलेली असल्याची खात्री केल्याशिवाय आणि अर्थिंग व गळती-प्रवाह तोडणारा स्विच असल्याशिवाय तिला वीज देऊ नये.