पहिला भाव

हर्णै बंदरावर संध्याकाळचा लिलाव उरकला की किनाऱ्यावरच किरकोळ विक्री सुरू होते. "मावशी, पापलेटची जोडी कशी?" "बाराशे." तुम्ही आठशे म्हणता, ती टोपलीवर फडका ओढायला लागते आणि हजारावर जमतं. दोनशे वाचले म्हणून तुम्ही खूश. तिने नऊशे सांगितले असते तर तुम्ही सहाशेपासून सुरुवात केली असती, हा विचार डोक्यातही येत नाही.

पहिल्यांदा ऐकलेला आकडा आपला पुढचा अंदाज स्वतःकडे ओढून घेतो, मानसशास्त्रात याला 'अँकरिंग' म्हणतात. मावशीला निदान मासळीतलं कळतं, तेव्हा तिच्या आकड्याला थोडा मान देण्यात गैर काही नाही. पण एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली मांडलेल्या प्रयोगात आकडा चक्क जत्रेतल्यासारखं चक्र फिरवून काढला होता. चक्र मुद्दाम १० किंवा ६५ वरच थांबायचं. मग प्रश्न: संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? १० पाहिलेल्यांचा मध्यक अंदाज २५, तर ६५ पाहिलेल्यांचा ४५!

असं का होतं? एक तर समोर आलेल्या आकड्यापासून आपण सरकत जातो आणि 'हे चालेल' वाटलं की लगेच थांबतो. दुसरं, आकडा कानावर पडताच त्याला पटतील अशाच गोष्टी आठवू लागतात. बाराशे ऐकलं की पापलेट जरा जास्तच चकचकीत दिसतं.

अनुभवी माणूस तरी यातून सुटतो का? जर्मनीत कायद्याच्या जाणकारांना दुकानातल्या चोरीचा एक खटला देऊन फासे टाकायला लावले. फाशांत आतून वजन घातलेलं, बेरीज ३ किंवा ९ च येणार. ९ वाल्यांनी सरासरी आठेक महिन्यांची शिक्षा सुचवली, ३ वाल्यांनी पाचेक महिन्यांची. आकडा फाशांचा आहे हे त्यांना दिसत होतं, तरीही! हे वाचून मला मावशीपेक्षा कोर्टाचीच जास्त धास्ती वाटली.

जर्मनीतल्याच आणखी एका अभ्यासात जुन्या गाडीची किंमत ठरवणाऱ्या जाणकारांना आधी विचारलं गेलं: समोरचा आकडा चुकीचा का असू शकेल? एवढ्यानेच त्याचा प्रभाव कमी झाला. बंदरावर हे सहज जमतं. कल्ला उचलून बघा, लाल आहे की फिका पडलाय. पोट दाबून बघा. जोडीतलं एक लहान आहे का? नुसतं "दोनशे कमी करा" म्हटलं तर मोजणी तिच्या बाराशेवरूनच सुरू होते.