चोरदरवाजा आतून उघडतो

१५ ऑगस्ट २०१७ रोजी सीसीक्लीनर या संगणकाची साफसफाई करणाऱ्या लोकप्रिय प्रोग्रामची ५.३३ ही आवृत्ती बाहेर पडली. ती कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळत होती आणि तिच्यावर कंपनीची खरी डिजिटल स्वाक्षरीही होती. तरीही पुढचे जवळजवळ चार आठवडे ज्यांनी तिची ३२ बिटची प्रत वापरली, त्यांच्या संगणकात झाडूबरोबर एक बॅकडोअरही शिरले. अशा वापरकर्त्यांची संख्या सुमारे २२ लाख ७० हजार होती. घुसखोरांनी हा प्रोग्राम जिथे तयार होतो त्या ठिकाणीच शिरकाव केला होता, त्यामुळे ‘अनोळखी फाइल उघडू नका’ हा उपदेश काटेकोरपणे पाळणारेही त्यात सापडले.

बॅकडोअर म्हणजे संगणकाचा चोरदरवाजा. खंडणी मागणारा प्रोग्राम फायली कुलूपबंद करून स्वतःच आपली ओळख करून देतो. बॅकडोअरचे काम मात्र घुसखोराला पुन्हा पुन्हा, कोणाच्या नकळत आत येता यावे एवढेच असते. आत आल्यावर फायली न्यायच्या, कळफलकावर टंकलेली अक्षरे टिपायची, कॅमेरा सुरू करायचा की आणखी एखादा प्रोग्राम आणून ठेवायचा, हे तो नंतर सवडीने ठरवतो.

आपल्याकडच्या गडांवरचे चोरदरवाजे पाहिले असतील, तर एक गोष्ट लक्षात येईल: ते आतून उघडतात. संगणकाच्या बाबतीत सुरुवातीला असे नव्हते. १९९८ मध्ये अमेरिकेतील एका हॅकर गटाने बॅक ऑरिफिस नावाचा प्रोग्राम जाहीर केला. तो विंडोज संगणकात बसून ३१३३७ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे माहितीची ये-जा होणाऱ्या एका क्रमांकित वाटेवर, बाहेरून कोणी हाक मारते का याची वाट पाहत असे. पुढे घरोघरी राउटर आले आणि ही पद्धत अडचणीची ठरली. राउटर घरातील सगळ्या उपकरणांना मिळून बाहेर एकच पत्ता वापरतो, आणि कोणी न मागता बाहेरून आलेली जोडणी आत कोणाकडे द्यायची हे त्याला ठाऊक नसल्यामुळे ती तो टाकून देतो. आतून बाहेर जाणारी जोडणी मात्र तो बिनतक्रार जाऊ देतो, कारण आपण एखादे संकेतस्थळ उघडतो तेव्हा नेमके हेच घडत असते. म्हणून आजचे बॅकडोअर सहसा वाट पाहत बसत नाही. तेच ठरावीक वेळाने मालकाच्या सर्व्हरला हाक मारते आणि ‘काही काम आहे का?’ असे विचारते. ही विचारपूस अनेकदा ४४३ क्रमांकाच्या पोर्टवरून, सांकेतिक रूपात होते आणि बँकेचे संकेतस्थळही त्याच पोर्टवरून उघडत असल्यामुळे ती गर्दीत मिसळून जाते.

सीसीक्लीनरमधील बॅकडोअर तर याहून सावध होते. ते सुरू झाल्यावर दहा मिनिटे काहीच करत नसे, कारण संशयास्पद प्रोग्राम तपासणाऱ्या स्वयंचलित यंत्रणा बहुधा इतका वेळ थांबत नाहीत. वापरणाऱ्याकडे प्रशासकाचे अधिकार नसतील तर ते मुकाट्याने थांबे. असतील तर संगणकाचे नाव, त्यावरील प्रोग्रामांची आणि चालू प्रक्रियांची यादी सर्व्हरकडे पाठवून देई. ती माहिती चाळून घुसखोरांनी मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांमधील यंत्रे निवडली आणि पुढचा, अधिक घातक प्रोग्राम अवघ्या ४० संगणकांवर उतरवला. बाकीच्या लाखो लोकांना आपल्या घरात कोणी डोकावून गेले याचा पत्ताही लागला नाही.

म्हणूनच ‘संगणक मंद झाला की समजावे’ हा सल्ला मला फारसा उपयोगी वाटत नाही. नीट बनवलेले बॅकडोअर प्रोसेसरची शक्ती जवळजवळ वापरतच नाही. संगणक मंद होण्याचे कारण बहुतेक वेळा ब्राउझरमध्ये उघड्या राहिलेल्या चाळीस टॅबमध्ये सापडते. खुणा शोधायच्या असतील तर दोन ठिकाणी पाहावे. पहिले म्हणजे संगणक बाहेर कोणाशी बोलतो आहे ते: विंडोजमधील रिसोर्स मॉनिटर किंवा नेटस्टॅट ही आज्ञा कोणत्या प्रक्रियेची जोडणी कोणत्या पत्त्याशी आहे हे दाखवते. दुसरे म्हणजे संगणक सुरू होताना आपोआप काय काय सुरू होते ते. बॅकडोअरला प्रत्येक वेळी पुन्हा जागे व्हावे लागते आणि त्यासाठी ते रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत), टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी कामे सुरू करणाऱ्या साधनात) किंवा सर्व्हिसेसच्या (पडद्याआड चालणाऱ्या प्रोग्रामांच्या) यादीत स्वतःची नोंद करून ठेवते. मायक्रोसॉफ्टचे ऑटोरन्स हे मोफत साधन या सगळ्या जागा एकत्र दाखवते. तिथे एसव्हीसीहोस्ट (svchost.exe, विंडोजच्या सर्व्हिसेस चालवणारा तिचाच प्रोग्राम) असे ओळखीचे नाव दिसले तरी ती फाइल कोणत्या फोल्डरमध्ये आहे ते पाहावे, कारण खरे एसव्हीसीहोस्ट विंडोजच्या सिस्टीम फोल्डरमध्ये राहते, डाउनलोडच्या किंवा तात्पुरत्या फायलींच्या फोल्डरमध्ये नाही. नुसती फाइल खोडली आणि नोंदी तशाच राहू दिल्या, की पुढच्या वेळी ती कित्येकदा परत हजर होते.

संशय बळावला की आधी इंटरनेट तोडावे. वायफाय बंद करावे आणि तार काढावी. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून, नाहीतर नवा पासवर्डही टंकतानाच टिपला जाईल. त्यातही ईमेलचा आधी बदलावा, कारण बाकीच्या खात्यांच्या किल्ल्या तिथूनच मिळतात, आणि प्रत्येक खात्यातील ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्याय निवडावा. ब्राउझरमधून चोरलेली लॉगिनची खूण कधीकधी पासवर्ड बदलल्यावरही चालत राहते. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवावी.

त्यानंतर तपासणी करावी, पण ती बाहेरून. चालू विंडोजमध्ये वरचे अधिकार मिळवलेला प्रोग्राम अँटिव्हायरसपासून स्वतःला लपवू शकतो. म्हणून विंडोज सुरू होण्याआधीच डिस्क तपासणारे, विंडोजच्याच डिफेंडर या अँटिव्हायरसमधील ऑफलाइन स्कॅन अधिक विश्वासार्ह ठरते. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरही मोफत साधने मिळतात.

खरा प्रश्न यानंतरचा आहे. सीसीक्लीनर प्रकरणात अवास्ट या मालक कंपनीने सुरुवातीला सांगितले की नवी आवृत्ती घेतली की पुरे. पुढच्या टप्प्याचा प्रोग्राम सापडल्यावर सिस्कोच्या टालोस या संशोधक गटाने मात्र संगणक जुन्या बॅकअपमधून परत आणण्याचा किंवा सारे नव्याने टाकण्याचा सल्ला दिला. मला दुसरा सल्ला पटतो. आपण खोडतो ते आपल्याला सापडलेले दार. त्या दारातून आत येऊन कोणी आणखी कुठे भिंत पोखरून ठेवली आहे का, याचे उत्तर कोणतीही तपासणी खात्रीने देत नाही. त्यामुळे दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून पेन ड्राइव्ह तयार करावा, डिस्कवरील जुने विभाग काढून टाकावेत आणि विंडोज नव्याने बसवावी. याला पुरून उरणारी बॅकडोअरही आहेत: २०१८ मध्ये सापडलेले लोजॅक्स मदरबोर्डवरील चिपमध्येच बसत असे. पण घरगुती संगणकावर असा प्रकार अतिशय विरळा.

मग जुन्या फायलींचे काय? सीसीक्लीनरच्या बाबतीत १५ ऑगस्ट ही तारीख ठाऊक होती, म्हणून त्याआधीचा पूर्ण बॅकअप निर्धास्तपणे वापरता आला असता. घरच्या संगणकात घुसखोर केव्हा शिरला हे बहुधा कळत नाही, त्यामुळे अख्ख्या ड्राइव्हची जुनी प्रत जशीच्या तशी परत टाकू नये. फोटो आणि साधी कागदपत्रे तपासून घ्यावीत. प्रोग्राम मूळ ठिकाणाहून नव्याने उतरवावेत, आणि ‘बसवण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करा’ अशी सूचना घेऊन आलेला फुकटचा प्रोग्राम जुन्या डिस्कवरच राहू द्यावा.