टर्कीचा नर कुंपणापाशी का अडतो?

अमेरिकेत मिझुरीच्या ओझार्क डोंगरांत एप्रिलच्या पहाटे रानटर्कीचा नर झाडावरून उतरतो, गॉबल (नराची गडगडती साद) करत शिकाऱ्याच्या कॉलकडे, म्हणजे मादीच्या नकली आवाजाकडे, निघतो आणि जुन्या तारेच्या कुंपणाशी येऊन थबकतो. पिसारा फुलवून तिथंच येरझारा घालतो आणि शेवटी परत फिरतो. रोज संध्याकाळी उंच फांदीवर उडून बसणाऱ्या पक्ष्याला कंबरेएवढं कुंपण जड का जावं?

मोर आणि टर्की एकाच कुळातले. विणीच्या काळात दोघांची रीतही एकच: नर एका जागी आवाज देतो, पिसारा दाखवतो आणि मादी चालत त्याच्याकडे जाते. शिकारी मादीचा आवाज काढून नराला बोलावतो, म्हणजे ही रीतच उलटी करायला सांगतो. त्यामुळे ओढा, चर, कुंपण असं काहीही मध्ये आलं की नर तिथं थांबून मादीची वाट पाहतो. उडायचं तर पिसारा मिटावा लागतो, लोंबते पंख सावरावे लागतात आणि सात ते अकरा किलोंचं धूड उचलावं लागतं. झाडावर चढणं किंवा जीव वाचवणं सोडलं, तर तो शक्यतो चालतच जातो.

मात्र सगळी कुंपणं सारखी अडवत नाहीत. तीन-चार पदरी काटेरी तारेखालून टर्की मान खाली घालून सहज निघतो. खरी अडचण चौकोनी जाळीच्या तारेची. मेंढ्या-डुकरांसाठी ही जाळी जमिनीलगत ठोकलेली असते आणि तिच्यातून नराचं अंग जात नाही. शेती सुटली, रान वाढलं, तरी जाळी तशीच राहिली. कित्येक ठिकाणी झाडांच्या बुंध्यांनी ती गिळली आहे. जोसेफ ग्लिडनला काटेरी तारेचं पेटंट 1874 साली मिळालं. त्याआधी इकडचे शेतकरी ओसेज ऑरेंज या काटेरी झाडाची वई लावत. त्याच लाकडाचे खांब जमिनीत अनेक दशकं टिकतात, म्हणून कुंपण जुनं असलं तरी ते पडलेलं असेलच असं नाही.

तारेवर बसणाऱ्या पक्ष्यांच्या विष्ठेतून सीडार (सदाहरित सूचिपर्णी झाड), तुती, रानचेरी उगवतात आणि कुंपणाचा झुडपी पट्टा होतो. पानगळीनंतरच्या उपग्रह छायाचित्रात सीडारची सरळ गडद रेघ दिसली, की तिथं बहुधा कुंपण असतं. हंगामाआधी ती रेघ पायी तपासावी. शोधायच्या त्या फटी: झाड पडून दबलेली जाळी, पुरानं माती वाहून नेल्यामुळे ओढ्यावर लोंबकळणारी तार, दार नसलेलं फाटक. फट वापरात असेल तर तारेत पीस अडकलेलं सापडतं, चिखलात तीन बोटांचे ठसे दिसतात. नराची विष्ठा लांबट, टोकाला वळलेली असते, मादीची गोळ्यासारखी. एप्रिल-मे महिन्यांत मात्र झुडपी पट्ट्यात घुसू नये. मादी अशा आडोशालाच दहा-बारा अंडी घालते, ती 28 दिवस उबवते, आणि सुरुवातीला उठवली तर घरटं सोडून देते.

सर्वांत चांगला उपाय म्हणजे कुंपण मध्ये येऊच न देणं. अंधारातच ते ओलांडून, नर ज्या बाजूच्या झाडावर आहे त्याच बाजूला, त्याच्यापासून शंभर-दीडशे मीटरवर, खांद्यांपेक्षा रुंद बुंध्याला पाठ टेकून बसावं. हे जमलं नाही, तर फट 30 मीटरच्या आत येईल अशी जागा धरावी. बारा बोअरची बंदूक, फुल चोक (छर्रे एकवट ठेवणारं नळीचं अरुंद तोंड) आणि पाच नंबरचे शिशाचे छर्रे साधारण 35 मीटरपर्यंत भरवशाचे. नेम डोक्यावर आणि मानेवर. जाळीतून कधीच मारू नये. छर्रे तारेवर आपटून विखुरतात आणि पक्षी जखमी होऊन निसटतो.

नर अडलाच, तर नवखा शिकारी जोरजोरात कॉल करतो. त्यातून नराला कळतं ते एवढंच, की मादी इथंच आहे आणि येईल. कॉल बंद करून पंधरा-वीस मिनिटं थांबावं, फार तर हातानं वाळकी पानं चरणाऱ्या मादीसारखी खरवडावीत. दोघं असाल तर कॉल करणाऱ्यानं चाळीसेक मीटर मागं बसावं. नर त्याच्या रोखानं निघतो आणि पुढं बसलेल्याच्या टप्प्यात येतो.

कुंपण ओलांडतानाची शिस्त इथं सगळ्यात मोलाची. आधी काडतुसं काढावीत, चेंबर (काडतूस बसतं तो नळीचा भाग) उघडून बोटानं चाचपावा. बंदूक खांबाला टेकवू नये, ती घसरते. एकटे असाल तर बंदूक खालच्या तारेखालून जमिनीवर सरकवावी, नळी स्वतःपासून दूर, आणि आपण काही पावलं सोडून, नळीसमोर न येता, पलीकडे जावं. दोघांपैकी एकानं दोन्ही रिकाम्या बंदुका धराव्यात. चढायचं ते खांबाजवळ. मधोमध तार झोल खाते आणि तिचा ताणलेला आवाज कुंपणभर पळतो. जुना खांब आधी हलवून पाहावा, आतून कुजलेला असू शकतो.

जुनं कुंपण म्हणजे मालकीची हद्द असं धरून चालू नये. हद्द पुढं-मागं असू शकते. मिझुरीत 1993 पासून झाडांवर किंवा खांबांवर जांभळ्या रंगाचा उभा पट्टा म्हणजे प्रवेशबंदी. पट्टा किमान 20 सेंटीमीटर लांब आणि जमिनीपासून साधारण एक ते दीड मीटरवर असतो. टिपलेला पक्षी फडफडत अशा हद्दीपलीकडे पडला, तर तो आणायलाही आधी मालकाला विचारावं लागतं.