पर्यटक आणि कोको : एका जागतिक सवयीची पार्श्वभूमी

मे महिन्याच्या सुट्टीत युरोप किंवा दुबईची सहल करून आलेली कोल्हापुरातली मंडळी राजारामपुरीपासून कसबा बावड्यापर्यंत नातलगांच्या आणि शेजाऱ्यांच्या घरी जी भेट पोहोचवतात, ती बहुधा चॉकलेटची असते. उलट अंबाबाईच्या दर्शनाला आलेला परगावचा भाविक परतताना गूळ, चप्पल किंवा मसाला घेऊन जातो. दोन्ही खरेदी प्रवासातल्याच, पण कोल्हापूरच्या गुळाचा ऊस पंचगंगेच्या काठी उभा असतो आणि चॉकलेट ज्याच्या बियांपासून बनते त्या कोकोची शेती स्वित्झर्लंड, बेल्जियम किंवा दुबई यांपैकी कोठेही होत नाही. कोको पिकतो ती ठिकाणे आणि पर्यटक तो विकत घेतो ती ठिकाणे एकमेकांपासून इतकी दूर कशी गेली, हे कळल्याशिवाय या सवयीचे आजचे रूप उलगडत नाही.

कोको हे विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण २० अंशांच्या पट्ट्यात वाढणारे झाड आहे. त्याच्या वापराचा आजवरचा सर्वांत जुना पुरावा इक्वेडोरमधील अमेझॉन खोऱ्यात मिळाला असून तो सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा आहे. माया आणि अ‍ॅझटेक समाजांत कोको हे पेय होते, आणि स्पॅनिश लोकांमार्फत ते युरोपात पोहोचल्यावरही दीर्घकाळ पेयच राहिले. लंडनमध्ये १६५७ साली चॉकलेटगृह उघडले, तेव्हा तेथे जाणारा माणूस ते तिथेच बसून पीत असे. बांधून घेऊन जावे असे त्यात काही नव्हते. हे बदलले एकोणिसाव्या शतकातल्या यंत्रांनी. १८२८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हॅन हाउटेन कारखान्याने कोकोतील स्निग्धांश दाबून वेगळा काढण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले, १८४७ मध्ये ब्रिस्टॉलच्या फ्राय कंपनीने खाण्याची वडी बाजारात आणली, १८७५ मध्ये व्हेवे येथे डॅनिएल पीटर यांनी दुधाचे चॉकलेट तयार केले आणि १८७९ मध्ये बर्नमध्ये रोडॉल्फ लिंट यांनी चॉकलेट तासन्तास घोटून ते तोंडात विरघळेल इतके मऊ करण्याची रीत शोधली. पर्यटनाच्या दृष्टीने या शोधांचे महत्त्व एवढ्यासाठी, की त्यांच्यामुळे कोको खिशात मावू लागला, टिकू लागला आणि दुसऱ्याला देता येऊ लागला.

याच काळात आल्प्समध्ये रेल्वे पोहोचत होती आणि इंग्लंड-जर्मनीतले सधन प्रवासी स्वित्झर्लंडला येऊ लागले होते. त्यांनी चॉकलेटची कीर्ती आपापल्या देशांत नेली. बर्नमध्ये १९०८ साली निघालेल्या त्रिकोणी टोब्लेरोनच्या वेष्टनावर पुढे मॅटरहॉर्न शिखर आले, म्हणजे मालावरच मुक्कामाचे चित्र छापले गेले. उत्पादनाचा काही भाग स्लोव्हाकियात हलवण्याचे ठरल्यावर, मालाचे स्विसपण ठरवणाऱ्या कायद्यामुळे, २०२३ मध्ये हे शिखर वेष्टनावरून काढण्याचा निर्णय कंपनीला जाहीर करावा लागला. चॉकलेट विकण्यात ठिकाणाच्या नावाचे मोल किती, हे या एका गोष्टीवरून ध्यानात यावे. ब्रुसेल्समध्ये नॉयहाउस दुकानाने १९१२ साली प्रालीन, म्हणजे आत सारण भरलेली छोटी चॉकलेटे, आणली आणि १९१५ मध्ये ती चिरडू नयेत म्हणून पुठ्ठ्याची खास पेटीही काढली. माझ्या मते ही पेटी प्रालीनइतकीच महत्त्वाची होती, कारण प्रवासात सांभाळून नेता येईल अशी भेटवस्तू त्यामुळे तयार झाली. त्यानंतर १९४७ मध्ये आयर्लंडच्या शॅनन विमानतळावर जगातील पहिले करमुक्त दुकान सुरू झाले. पुढे अशी दुकाने जगभर पसरली, आणि दारू, अत्तर यांच्याबरोबर चॉकलेटही तेथील हमखास विक्रीचा माल ठरले.

या खपाचा अंदाज घेणे मात्र वाटते तितके सरळ नाही. कोकोचा जागतिक खप मोजण्याची रूढ पद्धत म्हणजे दळणाचे आकडे, अर्थात कारखान्यांनी किती टन बिया दळल्या याचा हिशेब. तयार चॉकलेट कोणी खाल्ले, स्थानिकाने की पाहुण्याने, हे त्यात उमटत नाही. दरडोई खपाचे आकडेही असेच फसवे असतात. स्वित्झर्लंडचा दरडोई वार्षिक खप एरवी १० किलोंच्या वर असल्याचे सांगितले जाते, परंतु पर्यटकांनी आणि सीमेपलीकडून कामाला येणाऱ्यांनी तेथे विकत घेतलेले चॉकलेटही त्याच आकड्यात धरलेले असते. २०२० मध्ये महामारीमुळे सीमा बंद झाल्या आणि हा आकडा ९.९ किलोंवर, म्हणजे जवळपास चार दशकांतील नीचांकावर आला. स्विस माणसाने चॉकलेट सोडले नव्हते. सण-समारंभ कमी झाले होते आणि मुख्य म्हणजे पाहुणे आले नव्हते. पर्यटकांचा वाटा किती मोठा असतो, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखानाच प्रेक्षणीय स्थळ झाला. अमेरिकेतील हर्शी गावी कारखाना पाहायला येणाऱ्यांची गर्दी आवरेना, म्हणून १९७३ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र केंद्र उभारावे लागले. इंग्लंडमध्ये बोर्नव्हिलला १९९० मध्ये, जर्मनीत कोलोनला १९९३ मध्ये आणि झुरिकजवळ किल्शबर्गला २०२० मध्ये अशीच केंद्रे सुरू झाली. स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोख या बर्फाळ खिंडीत, ३,४५४ मीटर उंचीवर, २०१४ पासून लिंटचे दुकान आहे, आणि बर्फ पाहायला गेलेला मराठी पर्यटक तेथे थांबल्याशिवाय सहसा खाली उतरत नाही. जपानमध्ये प्रवासाहून परतताना सहकाऱ्यांसाठी त्या-त्या गावचा खाऊ आणण्याची जुनी रीत आहे. होक्काइदोच्या पांढऱ्या चॉकलेटच्या बिस्किटांनी १९७६ पासून त्या रीतीत स्वतःची जागा मिळवली. अगदी अलीकडचे उदाहरण दुबईचे. पिस्ता आणि कुनाफा (शेवयांसारख्या तंतूंची अरबी मिठाई) भरलेली तेथील वडी २०२१ मध्ये आली आणि २०२३ च्या अखेरीस एका व्हिडिओमुळे जगभर पोहोचली. एरवी एखाद्या गावाला असे नाव मिळायला पिढ्या जातात.

भारतात या सवयीला वेगळे वळण मिळाले, आणि त्याचे कारण हवामान. कोको बटर, म्हणजे कोकोतील स्निग्धांश, साधारण ३४ अंश सेल्सिअसला वितळते. परदेशातून आणलेली वडी एप्रिल-मेच्या उन्हात मुंबईहून कोल्हापूरपर्यंत गाडीत आली, की वाटेत मऊ पडते आणि घरी फ्रिजमध्ये पुन्हा घट्ट होताना तिच्यावर राखाडी-पांढरट थर येतो. अनेक घरांत ती बुरशी समजून टाकून दिली जाते, वास्तविक तो वर आलेला स्निग्धांश असतो आणि वडी खाण्यास योग्य असते. म्हणूनच आपल्याकडे पर्यटकांचे चॉकलेट उटी, कोडाईकनाल, लोणावळा, महाबळेश्वर अशा थंड हवेच्या ठिकाणी रुजले. तेथे ‘होममेड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात मात्र पुष्कळदा कोको बटरऐवजी इतर वनस्पतिजन्य स्निग्धांश असतो, तेव्हा खोका भरून चॉकलेट घेतले तरी कोको पोटात थोडाच जातो. वेष्टनावरील घटकांची यादी वाचून घ्यावी, असे आग्रहाने सांगावेसे वाटते.

पिकवणाऱ्यांची बाजू या साऱ्या इतिहासात उशिरा येते. जगातील निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो. पावसाची अनियमितता, झाडांवरील विषाणुरोग आणि जुन्या झालेल्या बागा यांमुळे तेथील उत्पादन घटले, आणि २०२३ च्या सुरुवातीला टनाला सुमारे २,५०० डॉलर असलेला भाव डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात १२,००० डॉलरपलीकडे गेला. महाग झालेला कोको कमी वापरून सारण वाढवण्याकडे उत्पादकांचा कल वाढला, त्याचे एक कारण हे होते. दुसरीकडे पिकवणारे देश पर्यटकाला थेट बागेत बोलावू लागले आहेत. घानात टेट्टे क्वार्शी यांनी १८७९ मध्ये आणलेल्या बियांपासून वाढवलेली माम्पाँगची बाग आज पर्यटनस्थळ आहे.

कोल्हापूरकरांना याचा अनुभव घेण्यासाठी इतके लांब जाण्याची गरज नाही. धर्मस्थळ आणि कुक्के सुब्रह्मण्यच्या यात्रेला जाणारे लोक दक्षिण कन्नडच्या ज्या भागातून जातात, तेथे सुपारीच्या बागांत कोको आंतरपीक म्हणून उभा असतो. त्याच्या शेंगा फांद्यांच्या टोकाला न लागता थेट खोडाला लागतात, त्यामुळे झाड सहज ओळखू येते. भाव कोसळले तेव्हा मंगळूरच्या कॅम्पको या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने खरेदी हाती घेतली आणि १९८६ मध्ये पुत्तूर येथे स्वतःचा चॉकलेट कारखाना सुरू केला. बाग आणि कारखाना इतक्या जवळ असण्याची उदाहरणे चॉकलेटच्या जगात फार थोडी आहेत, आणि यात्रेहून परतताना घरी न्यायला पुत्तूरचे चॉकलेट घेणे कोल्हापूरच्या प्रवाशाला सहज शक्य आहे.