जुनी कॅटामरान घेताय? आधी हल ठोकून बघा

उलांडीची होडी आपल्या किनाऱ्यावर सगळ्यांनी पाहिलेली असते. तरीही साध्या डिंगीवर (एका हलच्या छोट्या होडीवर) शीड शिकलेली माणसं पहिली कॅटामरान, म्हणजे दोन हलांची (दोन पोकळ तरंगत्या अंगांची) बोट, बघायला जातात तेव्हा त्यांची नजर शिडावरच खिळते. आमचं कळकळीचं सांगणं आहे की शीड शेवटी बघा. शीड, दोर, ट्रॅम्पोलिन (दोन हलांमध्ये ताणलेलं बसायचं कापड) हे सगळं नवं मिळतं. हल गेला की बोट गेली.

जुन्या छोट्या कॅटामरानांमध्ये होबी 16 चं नाव सगळ्यांत आधी निघतं. कॅलिफोर्नियाच्या होबी आल्टर यांची ही बोट 1970 च्या सुमारास आली. लांबी सुमारे 5 मीटर, रुंदी 2.4 मीटर, वजन 145 किलोच्या आसपास. हल केळ्यासारखे बाकदार, खाली पाण्यात उतरणारी फळी (बोर्ड) नाही, त्यामुळे ती सरळ वाळूवर चढते. किहीम, नागावसारख्या सपाट किनाऱ्यांवर ही मोठी सोय आहे, पण त्या घासण्यानेच हलचं बूड झिजतं. म्हणून बोट कुशीवर करून बुडावरून हात फिरवा. काचेचे धागे बोटांना लागले तर तिथे थर चढवावा लागेल. हे काम होण्यासारखं आहे, त्याला घाबरू नका.

घाबरायचं ते डेकला, म्हणजे हलच्या वरच्या बाजूला. होबीच्या हलमध्ये फायबरग्लासच्या दोन पातळ थरांमध्ये फोम असतो. वय आणि ऊन यांनी हे थर फोमपासून सुटतात. पुढच्या आडव्या बारचे खांब हलमध्ये शिरतात तिथून नाळेपर्यंत (हलच्या पुढच्या टोकापर्यंत) बोटांच्या पेरांनी ठोकत जा. घट्ट जागी ‘टक टक’ येतो, सुटलेल्या जागी ‘भद’. मग तिथे अंगठा दाबा. डेक दबला आणि आत करकरलं, तर किंमत कितीही कमी असो, आम्ही ती बोट घेऊ देत नाही. मागच्या हंगामात एका गिऱ्हाइकाबरोबर अशीच एक बोट पाहिली. रंग ताजा, चकचकीत. ठोकायला लागलो तर खांबापासून हातभर लांब ‘भद’च येत राहिला, आणि मागचं बूच काढल्यावर आतून पाणी वाहायला लागलं. ते गृहस्थ बयाणा घेऊन आले होते, तसेच परत गेले.

गळती शोधायची तर बुचाच्या भोकातून तोंडाने फुंका आणि जोडांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे जागा दाखवतील. कॉम्प्रेसर कधीही लावू नका, दाबाने हल फुटतो.

होबी वेव्हसारख्या साच्यातल्या प्लॅस्टिकच्या बोटींना ही थर सुटायची भीती नाही. मुलंबाळं घेऊन जायचं असेल तर आम्ही तीच सुचवतो. फक्त त्या प्लॅस्टिकला नेहमीचं रेझिन धरत नाही, म्हणून तडा गेलेली घेऊ नका.

बाकीचं भराभर बघून होतं. एक नाळ उचला, दुसरी बरीच मागे राहिली तर चौकट ढिली आहे. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारांचा एखादा धागा तुटलेला दिसला तर सगळ्या तारा बदला, कारण पुढची तार तुटली की डोलकाठी थेट तुमच्या अंगावर येते. ट्रॅम्पोलिनची शिवण नखाने ओढून बघा. होबी 16 ची डोलकाठी सुमारे 8 मीटर उंच आहे. ॲल्युमिनियमच्या काठ्या विजेच्या तारांना लागून माणसं दगावली, म्हणूनच होबीने पुढे तिचा वरचा भाग फायबरचा केला. काठी उभी करण्यापूर्वी मान वर करून बघायची सवय लावा.

एका हलची सवय असलेल्यांनी दोन गोष्टी मनाशी धराव्यात. वाऱ्याच्या तोंडावरून वळताना ही बोट अडते. जिब (पुढचं छोटं शीड) क्षणभर उलट्या बाजूला धरून ठेवली की वळते. आणि दुपारच्या जोरदार खाऱ्या वाऱ्यात खालच्या बाजूची नाळ पाण्यात घुसली तर बोट पुढच्या पुढे कोलांटी खाते, म्हणून सगळ्यांनी मागे सरकून बसा. उलटलेली बोट एकट्या हलक्या माणसाच्याने सरळ होत नाही. पहिला सराव शांत, खोल पाण्यात, दुसरी बोट जवळ ठेवून करा.

बोट पसंत पडली की बयाणा देण्याआधी आम्हाला बोलवा. ओहोटीची वेळ ठरवा, म्हणजे बोट कोरड्या वाळूवर असेल आणि बूडही नीट तपासता येईल.