दासांना चार वचनं, धन्याला एक

बायबलच्या नव्या करारात कलस्सै गावच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेलं पत्र आहे. त्या कलस्सैकरांस पत्रात, तिसऱ्या अध्यायाच्या शेवटाकडे, घरातल्या माणसांची हजेरी घ्यावी तसा एक उतारा आहे. बायकोला एक वचन (म्हणजे अध्यायातला एक क्रमांकित श्लोक), नवऱ्याला एक, मुलांना एक, बापांना एक. मग दासांची, म्हणजे गुलामांची, पाळी येते आणि त्यांच्यासाठी चार वचनं खर्ची पडतात. धन्याचं सगळं ऐका, त्याची नजर आहे तेवढ्यापुरती तोंडदेखली चाकरी करू नका, काम माणसाचं नव्हे तर प्रभूचं समजून मनापासून करा, मोबदला त्याच्याकडून मिळेल. धन्याच्या वाट्याला पुन्हा एकच वचन: दासांशी न्यायाने आणि समतेने वागा, कारण तुमचाही धनी स्वर्गात आहे.

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नोकरीधंद्यावर प्रवचन असलं की आजही बहुधा हा उतारा वाचला जातो, नाहीतर इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातला त्याच्याशी मिळताजुळता. गेली जवळजवळ दोन हजार वर्षं तो कोणी वाचला, कोणापुढे वाचला आणि वाचणारा कुठे थांबला, यावर त्याचा अर्थ ठरत आला आहे.

घर कसं चालवावं हा विषय ग्रीक-रोमन जगाला नवा नव्हता. ॲरिस्टॉटलने घराची मांडणी तीन जोड्यांत केली होती: धनी आणि दास, नवरा आणि बायको, बाप आणि मुलं. पण असल्या लिखाणाचा वाचक म्हणजे घराचा कर्ता पुरुष. दासाला कसं वागवावं, त्याच्याकडून काम कसं काढावं, हे कर्त्याला सांगायचं. दासाशी बोलायचं कारणच नव्हतं. कलस्सैच्या पत्रात मात्र ‘दासांनो’ अशी थेट हाक आहे. म्हणजे तो सभेत बसला आहे, ऐकतो आहे आणि कसं वागायचं हे काही अंशी तरी तो स्वतः ठरवू शकतो, असं पत्र लिहिणारा धरून चालतो. माझ्या मते नवेपणा काय तो एवढाच. आज्ञा जुनीच होती.

त्या आज्ञेमागचं वास्तव किती निर्दय होतं, हे रोमन इतिहासकार टॅसिटसने नोंदवलेल्या एका घटनेवरून कळतं. इ.स. ६१मध्ये रोमचा नगरप्रमुख पेडेनियस सेकुंडस याचा त्याच्याच एका दासाने खून केला. रिवाज असा, की त्या छपराखाली राहणारे सगळे दास मारायचे. ते ४०० होते, त्यांत बायका आणि मुलंही. लोक रस्त्यावर आले, सिनेटमध्ये वाद झाला, पण शेवटी बादशहा नीरोने वाटेवर सैनिक उभे केले आणि सगळ्यांना मारण्यात आलं. त्याच दशकात तत्त्वज्ञ सेनेका लिहीत होता की दास हीसुद्धा माणसंच आहेत, त्यांच्याबरोबर जेवायला बसा. हा सेनेका नीरोचा शिक्षक, अफाट श्रीमंत आणि स्वतः दासांचा मालक.

ख्रिस्ती धर्माचा आद्य प्रचारक पौल याची पत्रंही याच काळातली. कलस्सै आणि इफिसला लिहिलेली पत्रं त्याच्या स्वतःच्या हातची की त्याच्या शिष्यांची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. फिलेमोनाला लिहिलेलं पत्र मात्र त्याचंच, याबद्दल वाद नाही. अवघ्या २५ वचनांच्या त्या पत्रात तो फिलेमोनाचा दास अनेसिम याला परत पाठवतो आणि सांगतो, की याला दास म्हणून नव्हे, दासाहून अधिक, प्रिय भाऊ म्हणून घे. त्याचं काही देणं असेल तर ते माझ्या नावावर मांड. ‘त्याला मोकळं कर’ असं स्पष्ट कुठेच म्हटलेलं नाही. कलस्सैचं पत्र घेऊन जाणाऱ्यांतही अनेसिमाचं नाव येतं. दासांनी धन्याचं ऐकावं असं सांगणारं पत्र आणि परत निघालेला एक दास, दोघं एकाच वाटेने त्या गावात शिरतात.

नव्या करारातल्याच पेत्राच्या पहिल्या पत्रातली गोष्ट आणखी अवघड आहे. तिथे बोलणं घरातल्या चाकरांशी आहे आणि धन्यांना एकही शब्द नाही. चांगल्या धन्याच्याच नव्हे तर कुटिल धन्याच्याही अधीन राहा, अन्यायाने मार खावा लागला तर ख्रिस्ताने सोसलं तसं सोसा, असं ते सांगतं. मार खाणाऱ्या दासाला थेट ख्रिस्ताच्या शेजारी नेऊन बसवण्याइतका मोठा मान त्या जगात त्याला दुसऱ्या कोणी दिला नसेल. पण मारणाऱ्याच्या हाती पडल्यावर याच वचनाचं काय होणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

पुढच्या तीन शतकांत दोन्ही धागे दिसतात, दासाला मान देणारा आणि त्याला जागेवर ठेवणारा. इ.स. ११२च्या सुमारास बिथुनिया या रोमन प्रांताचा राज्यपाल प्लिनी बादशहाला कळवतो, की ख्रिस्ती लोकांची माहिती काढण्यासाठी मी दोन दासींना यातना दिल्या. त्यांना मंडळीत सेविका म्हणतात. म्हणजे समाजात दासी असलेल्या बायका मंडळीत पदावर होत्या. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला रोमचा बिशप झालेला कॅलिस्टस एकेकाळी दास होता. पण चौथ्या शतकात आशिया मायनरमधल्या गंग्रा इथे भरलेल्या धर्मसभेने ठरवलं, की भक्तीचं निमित्त करून दासाला धन्याचा तिरस्कार करायला आणि चाकरी सोडून जायला जो शिकवील तो शापित. असा नियम करावा लागला, त्या अर्थी तसं शिकवणारे होते. त्याच शतकात निस्साचा बिशप ग्रेगरी जुन्या करारातल्या उपदेशकाच्या पुस्तकावर प्रवचन देताना विचारतो, देवाची प्रतिमा विकत घेणारा तू कोण, तिची किंमत तू किती लावलीस? दास बाळगण्यावरच असा घाव घालणारा दुसरा आवाज प्राचीन मंडळीत जवळजवळ सापडत नाही. पुढे धर्मचिंतक ऑगस्टीनने दास्य हे पापाचं फळ म्हणून सांगितलं आणि पश्चिमेत बराच काळ तेच चाललं.

१५२९मध्ये जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने धर्मशिक्षणासाठी लिहिलेल्या आपल्या लहान प्रश्नोत्तरीच्या शेवटी घरातल्या कर्तव्यांचा तक्ता जोडला. त्यात इफिसच्या पत्रातली दासांची वचनं आली, पण आता ती घरगडी, मोलकरणी, रोजंदारीवरचे मजूर यांच्यासाठी. लगोलग धन्यांचंही वचन होतं. ल्यूथरचा आग्रह असा, की झाडू मारणारी मोलकरीणही मठातल्या साधूइतकीच देवाची सेवा करते. प्रोटेस्टंट घरांत कामाला जी प्रतिष्ठा आली तिचं मूळ इथे आहे. इंग्लंडच्या मंडळीच्या प्रश्नोत्तरीत मात्र मुलांकडून घोकून घेतलं जाई ते मालकांच्या आणि वरच्या लोकांच्या आज्ञेत राहण्याचं. कायदाही त्याच बाजूला झुकलेला. काम अर्धवट सोडणारा मजूर तुरुंगात जाई, मजुरी बुडवणाऱ्या मालकावर फार तर दिवाणी दावा. इंग्लंडमध्ये हे १८७५पर्यंत चाललं. हिंदुस्थानात याच धर्तीचा कायदा १८५९मध्ये आला: उचल घेऊन काम सोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद.

गोव्यात तर दास हा शब्द अक्षरशः खरा होता. १५८३ ते १५८८ या काळात आर्चबिशपच्या पदरी असलेल्या यान हायगेन व्हान लिन्स्खोटेन या डच माणसाने जुन्या गोव्याच्या मुख्य रस्त्यावर चालणाऱ्या लिलावाचं वर्णन केलं आहे. तिथे घोड्यांबरोबर माणसंही विकली जात.

अटलांटिकच्या पलीकडे या उताऱ्याचं जे झालं ते सगळ्यांत वाईट. अमेरिकेतल्या व्हर्जिनियाने १६६७मध्ये कायदाच केला, की बाप्तिस्म्याने दास मोकळा होत नाही. त्यामुळे मळेवाल्यांची धास्ती गेली आणि दासांना धर्म शिकवायला मोकळीक मिळाली. १८०७मध्ये लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या दासांसाठी बायबलमधले निवडक भाग छापले गेले. पूर्ण बायबलमध्ये ११८९ अध्याय, यात २३२. मिसरातून सुटकेची कथा वगळली. ख्रिस्तात दास नाही आणि स्वतंत्र नाही, हे गलतीकरांस पत्रातलं वचनही वगळलं. इफिसचं ‘दासांनो’ राहिलं. कात्री इतकी उघड चालवलेली दुसरी प्रत माझ्या तरी पाहण्यात नाही.

१८३३मध्ये जॉर्जियात चार्ल्स कोलकॉक जोन्स हा पाळक काळ्या दासांपुढे फिलेमोनाच्या पत्रावर बोलला. तो स्वतः दासांचा मालक. अनेसिमाच्या उदाहरणावरून पळून जाणं कसं पाप आहे हे त्याने सांगायला घेतलं, तेव्हा अर्धी सभा उठून चालती झाली. उरलेल्यांतले काही म्हणाले, असं पत्र बायबलमध्ये नाहीच. काही म्हणाले, हे शुभवर्तमान नव्हे, हा मालकांना खूश करायला बोलतो. हे सगळं जोन्सने स्वतःच लिहून ठेवलं आहे, त्याचं श्रेय त्याला द्यायला हवं. वाचता न येणाऱ्या त्या लोकांना पौलाचा अर्थ पाळकापेक्षा बरा लागला होता असं मला वाटतं.

दास्यातून पळून सुटलेल्या फ्रेडरिक डग्लसने १८४५मध्ये लिहिलं, की त्याचा मालक एका लंगड्या तरुणीला फटके मारताना लूकच्या शुभवर्तमानातलं वचन म्हणत असे, की धन्याची इच्छा माहीत असून ती न करणाऱ्या दासाला पुष्कळ फटके मिळतील. विसाव्या शतकातले धर्मचिंतक हॉवर्ड थर्मन यांची आजी दास म्हणून वाढलेली होती. ती नातवाकडून बायबल वाचून घेई, पण पौलाची पत्रं नाहीत. क्वचित करिंथकरांस पत्रातला प्रीतीचा अध्याय, तेवढाच. मळ्यावर गोरा पाळक येऊन पुन्हा पुन्हा ‘दासांनो, आज्ञा पाळा’ यावरच बोलायचा, म्हणून सुटका झाल्यावर ते पान उघडायचं नाही असं तिने ठरवलं होतं.

या इतिहासाचा एक पदर नाशिकला येतो. चर्च मिशनरी सोसायटीने १८५४मध्ये शरणपूर वसवलं. हिंदी महासागरात ब्रिटिश आरमाराने दास वाहून नेणारी गलबतं पकडली, की त्यांतल्या आफ्रिकी मुलांपैकी काही मुंबईमार्गे इथे येत. सुतारकाम, लोहारकाम, इंग्रजी आणि धर्मशिक्षण घेऊन ती मोठी होत. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन याच्या शेवटच्या प्रवासात यातली काही मुलं होती. जेकब वेनराइट हा त्यांतला एक.

मे १८७३मध्ये आजच्या झांबियात चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन मेला. बरोबरच्या माणसांनी त्याचं हृदय झाडाखाली पुरलं, प्रेत उन्हात सुकवलं आणि ते सुमारे नऊ महिने चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणलं. पुढारी चुमा आणि सुसी. पुरण्याच्या वेळी प्रार्थना वाचली वेनराइटने आणि झाडावर अक्षरं कोरली तीही त्यानेच. वाटेत कॅमेरॉन हा ब्रिटिश अधिकारी भेटला. त्याचा सल्ला असा, की प्रेत इथेच पुरा. त्यांनी ऐकलं नाही. सगळ्या इंग्लंडने ज्या निष्ठेचे गोडवे गायले, त्या निष्ठेत साहेबाचं न ऐकणंही होतं, हे मात्र फारसं कोणी बोललं नाही.

१८ एप्रिल १८७४ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमध्ये दफन झालं. शवपेटीला हात लावणाऱ्यांत वेनराइट होता, कारण मिशनने त्याच्या भाड्याचे पैसे भरले. चुमा आणि सुसी इंग्लंडला पोचले तोवर सगळं उरकलं होतं. कबरीच्या दगडावर लिहिलं आहे, की विश्वासू हातांनी जमिनीवरून आणि समुद्रावरून आणलेला लिव्हिंगस्टन इथे विसावला आहे. हात कोणाचे, ते दगडावर नाही.

दरम्यान इंग्लंडमध्ये धन्याला सांगितलेलं वचन खालच्या बाजूने वाचायला सुरुवात झाली होती. १८३४मध्ये डॉर्सेटमधल्या टोलपडल गावच्या सहा शेतमजुरांना संघटना केल्याबद्दल ऑस्ट्रेलियाला हद्दपार केलं. त्यांचा पुढारी जॉर्ज लव्हलेस मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचा प्रवचनकार. आठवड्याची मजुरी सात शिलिंगांवर आली होती आणि ती आणखी उतरवायची भाषा चालली होती. १८७२मध्ये शेतमजुरांची राष्ट्रीय संघटना उभी करणारा जोसेफ आर्च हाही मेथडिस्ट प्रवचनकारच. असल्या सभांत पौलापेक्षा याकोबाचं पत्र जास्त शोभायचं, कारण त्यात शेत कापणाऱ्यांची अडकवलेली मजुरी आकाशाकडे ओरडते.

कॅथलिक मंडळीत हे वळण १५ मे १८९१ला आलं. पोप लिओ तेराव्याने कामगारांच्या प्रश्नावर परिपत्रक काढलं. त्यात मजुराने कबूल केलेलं काम पुरेपूर आणि इमानाने करावं, मालकाच्या मालमत्तेची नासधूस करू नये, असं आधी येतं आणि लवकर संपतं. मग मालकांचं सुरू होतं: मजुराला दास समजू नका, त्याची मजुरी बुडवणं हे सूडासाठी स्वर्गाकडे आक्रोश करणारं पाप आहे. आणि करार काहीही असो, मजुरी इतकी हवी की साधेपणाने राहणाऱ्या मजुराचं भागेल. कलस्सैच्या चारास एकाचं माप इथे उलटलं आहे.

आजच्या प्रवचनांत ‘दासांनो’च्या जागी ‘कर्मचाऱ्यांनो’ घालायची पद्धत आहे. कामचुकारपणा, खोटी बिलं, साहेबाच्या पाठीमागची टिंगल यांवर बोलायला ती सोयीची आहे आणि तेवढ्यापुरतं त्यात चूकही नाही. पण दासाला राजीनामा देता येत नव्हता. त्याला संघटना नव्हती, कामगार न्यायालय नव्हतं. ज्याला हे सगळं आहे त्याने सोसण्याची वचनं जशीच्या तशी उचलावीत का, याचा विचार प्रवचनकार क्वचित करतात. धन्याचं वचन तर कितीदा वगळलंच जातं, वेळ संपली म्हणून.

त्या वचनाशी सर्वांत जवळचं काम मुंबईत झालं असेल तर ते घरकामगारांचं. बेल्जियमहून आलेल्या सिस्टर जीन डेव्होस यांनी १९८५मध्ये इथे राष्ट्रीय घरकामगार चळवळ सुरू केली. महाराष्ट्राने २००८मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. २०११मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार मंजूर केला. आठवड्यातून सलग चोवीस तास सुट्टी आणि कामाच्या अटी आधी समजतील अशा, शक्यतो लेखी सांगणं, या त्यातल्या तरतुदी. भारताने त्याला अजून अनुसमर्थन दिलेलं नाही.